एसएसएचवरून रिमोट डॉकर चालवताना मधेच २५५ एरर, परत मारलं की चालतं: हे नेमकं काय आणि कायमचं कसं घालवायचं

लॅपटॉपवर बसून रिमोट सर्वरचे कंटेनर (डॉकरने वेगळ्या डब्यात चालवलेले प्रोग्रॅम) सांभाळायचे म्हणून डॉकर कॉन्टेक्स्ट (डॉकरने कुठल्या मशीनशी कसं बोलायचं त्याची नोंद) एसएसएचचा, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनच्या वाटेने जाणारा, बनवलाय, डॉकर पीएस मारलं की यादी झकास येते, आणि मग कंपोज अप (अनेक सर्विसेस एकदम चालू करणारी डॉकरची कमांड) मारलं की निम्म्या सर्विसेस वर येतात आणि मधेच एक लांबलचक एरर, त्यात एक्झिट स्टेटस २५५. काहीही न बदलता तीच कमांड परत मारली की चालून जाते. चार दिवस शांतता, मग पुन्हा तेच. परत मारल्यावर चाललं म्हणून सगळे पुढे जातात, त्यामुळेच हा प्रॉब्लेम वर्षानुवर्षं तसाच राहतो.

आधी एक सांगतो, खाली सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच नेहमीसारख्या टाइप करा. सर्वरचं टोपणनाव मी सगळीकडे प्रॉड धरलंय.

थोडक्यात निदान असं की डॉकरला काही झालेलं नसतं. डॉकर एसएसएचची कनेक्शनं धडाधड उघडतो आणि सर्वरवरचं कोणीतरी, एसएसएचडी (एसएसएच कनेक्शनं स्वीकारणारा सर्वरवरचा प्रोग्रॅम) म्हणा, फायरवॉल म्हणा, त्यातली काही दारातूनच हाकलतं. कोणतं हाकलतंय ते शोधायचं आणि मुळात इतकी कनेक्शनं उघडायचीच नाहीत अशी सोय करायची, एवढंच काम आहे. पण लोक करतात काय, तर डॉकर अपग्रेड करतात, डेमन (सर्वरवर मागे चालणारा डॉकरचा मुख्य प्रोग्रॅम) रिस्टार्ट करतात, कोणी तर सर्वरच नवीन घेतात.

याला कारण तो एररच आहे. नीट वाचलात तर त्यात चार तुकडे असतात. पहिला म्हणजे एरर ड्युरिंग कनेक्ट, आणि त्याच्यापुढे डॉकर डॉट एक्झाम्पल डॉट कॉम असा एक पत्ता. हा पत्ता बघून भलेभले चक्रावतात की हा आपल्या कॉन्फिगमध्ये कुठून आला. कुठूनच नाही आला, डॉकरच्या क्लायंटला एचटीटीपीची रिक्वेस्ट बनवताना होस्टच्या जागी काहीतरी नाव लागतं म्हणून टाकलेलं ते खोटं नाव आहे, त्याच्यावर वेळ घालवू नका. दुसरा तुकडा चौकटी कंसात, त्यात खरोखर चाललेली कमांड असते: एसएसएच, मग युजर, होस्ट, आणि शेवटी डॉकर सिस्टम डायल-एसटीडीआयओ. तिसरा तुकडा म्हणतो की रिमोटवर डॉकर १८.०९ किंवा त्यानंतरचं आहे का बघा. हाच तो वाट चुकवणारा तुकडा. एसएसएचची सोय डॉकरमध्ये १८.०९ पासून आली म्हणून तो सल्ला तिथे कायमचा चिकटवलेला आहे, तुमच्या सर्वरवर कालचं व्हर्जन असलं तरी तो तसाच छापला जातो. आणि चौथा तुकडा, सगळ्यात शेवटी, एसटीडीईआरआर (म्हणजे एसएसएचने छापलेला एरर), पुढे बरोबरचं चिन्ह आणि अमुक अमुक. खरं कारण फक्त तिथे असतं. टर्मिनलची रुंदी कमी असली की हाच भाग घसरून खाली जातो आणि कोणी वाचत नाही.

आता २५५ हा आकडा. एसएसएचने दिलेला एक्झिट कोड २५५ असेल तर एसएसएच स्वतःच पडलं. बाकी कुठलाही आकडा म्हणजे तो पलीकडे चाललेल्या कमांडचा. १२७ आला तर पलीकडे डॉकर ही कमांडच सापडली नाही, १ आला तर डॉकर सापडला पण त्याला काहीतरी जमलं नाही, बहुतेक वेळा सॉकेटची (डेमनशी ज्यातून बोलायचं त्या फाईलची) परमिशन. या एका आकड्यावरून निम्मी शोधाशोध वाचते.

आतमध्ये काय होतं ते एकदा हाताने करून बघा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. एसएसएच प्रॉड डॉकर सिस्टम डायल-एसटीडीआयओ अशी कमांड मारा. काहीच छापलं जाणार नाही, कर्सर नुसता लुकलुकत बसेल, हँग झालं असं वाटेल पण झालेलं नाही. आता तिथे कॅपिटलमध्ये गेट, एक स्पेस, मग स्लॅश अंडरस्कोर पिंग, परत एक स्पेस, मग कॅपिटलमध्ये एचटीटीपी स्लॅश १.० असं टाइप करून दोनदा एंटर मारा. समोरून २०० ओके आणि खाली काही हेडर्स, शेवटी ओके. म्हणजे तुम्ही कीबोर्डवरून डॉकर डेमनशी बोललात. डॉकरचा क्लायंट हेच करतो, एसएसएच नावाचा तुमच्याच मशीनवरचा प्रोग्रॅम चालवतो, पलीकडे ती डायल कमांड उघडतो आणि त्या पाइपमधून एचटीटीपी बोलतो. मेख अशी की त्याला जेव्हा जेव्हा डेमनकडे नवीन कनेक्शन लागतं तेव्हा तेव्हा तो नवीन एसएसएच उघडतो. साध्या डॉकर पीएसला त्याचं काही वाटत नाही. पण कंपोजमध्ये दहा-पंधरा सर्विसेस असल्या, प्रत्येकीची इमेज तपासणं, नेटवर्क, व्हॉल्यूम, कंटेनर बनवणं, चालू करणं, हे सगळं एका वेळी समांतर चालतं, आणि प्रत्येकासाठी वेगळं हँडशेक, वेगळं लॉगिन.

हाकलणारे कोण कोण

पहिला संशयित एसएसएचडीचं मॅक्सस्टार्टअप्स. डीफॉल्ट १०:३०:१०० असतं. अर्थ असा की अजून लॉगिन पूर्ण न झालेली कनेक्शनं १० झाली की पुढच्या प्रत्येक नवीन कनेक्शनला ३० टक्के शक्यतेने तोडायचं, आणि जसजसा आकडा वाढेल तसतशी ही शक्यता वाढवत न्यायची, १०० ला पोचलं की सगळीच बंद. बघा, यात मुद्दामच चान्सचा खेळ ठेवलेला आहे, म्हणून तुमचा एरर कधी येतो कधी नाही, कधी तिसऱ्या सर्विसला तर कधी नवव्या. शिवाय हा आकडा सर्वरवरच्या सगळ्यांचा मिळून आहे. इंटरनेटवर उघड्या असलेल्या पोर्ट २२ वर बॉट दिवसरात्र पासवर्ड ठोकत असतात, त्यांची अर्धवट कनेक्शनं लॉगिन ग्रेस टाइम संपेपर्यंत, म्हणजे डीफॉल्ट १२० सेकंदांपर्यंत, जागा अडवून बसू शकतात. म्हणजे तुमच्या आधीच सात-आठ जण रांगेत, तुम्ही तीन-चार उघडली की झालं. ‘सकाळी चालतं, रात्री नाही’ अशा तक्रारींमागे मला बहुतेक वेळा हेच दिसलंय.

याची खूण: क्लायंटवर एसटीडीईआरआरमध्ये केक्स एक्सचेंज आयडेंटिफिकेशन, कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट किंवा रीसेट बाय पीअर. आणि सर्वरच्या लॉगमध्ये, जर्नलसीटीएल -यू एसएसएच मारून बघा, काही डिस्ट्रोवर सर्विसचं नाव एसएसएचडी असतं, तिथे बिगिनिंग मॅक्सस्टार्टअप्स थ्रॉटलिंग अशी ओळ, किंवा ड्रॉप कनेक्शन, पुढे एक नंबर, मग आयपी, आणि शेवटी पास्ट मॅक्सस्टार्टअप्स. ही ओळ सापडली की वाद संपला.

दुसरा संशयित फायरवॉल, आणि हा जास्त छुपा. उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावताना कित्येक गाईडमध्ये यूएफडब्ल्यू लिमिट एसएसएच असं सांगितलेलं असतं, लोक कॉपी पेस्ट करतात आणि विसरतात. लिमिट म्हणजे एकाच आयपीवरून ३० सेकंदांत ६ किंवा जास्त कनेक्शनं आली की पुढची नाकारायची. माणूस हाताने लॉगिन करताना हे कधीच लागत नाही, डॉकर मात्र एका कंपोज अपमध्ये आरामात ओलांडतो. इथे एरर वेगळा दिसतो, सरळ कनेक्शन रिफ्यूज्ड, आणि एसएसएचडीच्या लॉगमध्ये काहीच नसतं कारण पॅकेट तिथपर्यंत पोचलेलंच नाही. यात अजून एक खोच आहे, नाकारलेला प्रयत्नही मोजणीत धरला जातो, त्यामुळे चिडून परत परत मारत बसलात तर ब्लॉक लांबतच जातो. अर्धा मिनिट हात बांधून बसलात तर आपोआप सुटतो. यूएफडब्ल्यू स्टेटस मारा, पोर्ट २२ समोर लिमिट दिसतंय का बघा.

तिसरा फेल२बॅन, आयपीवर बंदी घालणारा प्रोग्रॅम. हा नुसत्या कनेक्शनांनी चिडत नाही, फसलेल्या लॉगिननी चिडतो, मग तुमच्याकडे की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाईल) बरोबर असताना लॉगिन फसेल कसं? एसएसएच एजंटमध्ये (की सांभाळून ठेवणारा प्रोग्रॅम) सात-आठ की भरलेल्या असल्या की क्लायंट एकेक करून सगळ्या पुढे करतो, मॅक्सऑथट्राइज डीफॉल्ट ६ आहे, योग्य की सातवी असली तर तिची पाळी यायच्या आधीच टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स. असं काही वेळा झालं की फेल२बॅनचा हिशेब सुरू, डीफॉल्टमध्ये १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटांची बंदी. ‘चहा पिऊन आलो की चालतं’ असा अनुभव असेल तर इथे बघा. उपाय सोपा, एसएसएच कॉन्फिगमध्ये त्या होस्टसाठी आयडेंटिटीफाईल नेमकी द्या आणि आयडेंटिटीज ओन्ली येस करा.

चौथा त्यातल्या त्यात नवा. ओपनएसएसएच ९.८, जुलै २०२४ चं, त्यात पर सोर्स पेनल्टीज आलं आणि ते डीफॉल्टच चालू असतं. ज्या आयपीवरून लॉगिन फसतंय किंवा लॉगिनचा प्रयत्नच न करता कनेक्शन सोडलं जातंय त्याच्या नावावर थोडे थोडे सेकंद चढत जातात, ठरावीक मर्यादा ओलांडली की काही काळ त्या आयपीला दार बंद. सर्वर अपग्रेड केल्यावर ‘काल चालत होतं, आज नाही’ झालं असेल तर लॉगमध्ये पेनल्टी हा शब्द शोधा. एकाच ऑफिसच्या एका पब्लिक आयपीमागे सगळे असतील तर आणखी मजा, मॉनिटरिंगवाला धडाधड पोर्ट २२ उघडून बंद करतो आणि दंड सगळ्यांच्या नावावर. अशा वेळी पर सोर्स पेनल्टी एक्झेम्प्ट लिस्टमध्ये आपला आयपी टाकायची सोय आहे. पूर्ण बंद करू नका, ते बॉटसाठी खरंच कामाचं आहे.

खरा उपाय: एकच कनेक्शन, त्यातूनच सगळं

मॅक्सस्टार्टअप्स वाढवून १०० करा असा सल्ला सगळीकडे मिळेल. चालतो तो, पण त्याने दार मोठं होतं, गर्दी कमी होत नाही, आणि बॉटनाही तेवढीच जागा मिळते. माझं मत, आधी मल्टिप्लेक्सिंग (एकाच कनेक्शनच्या आतून अनेक सेशन) लावा, मग गरज उरली तर सर्वरला हात लावा.

तुमच्या मशीनवर होम फोल्डरमधल्या डॉट एसएसएचच्या कॉन्फिग फाईलमध्ये होस्ट प्रॉड असा ब्लॉक करा, त्यात होस्टनेम, युजर, आयडेंटिटीफाईल नेहमीप्रमाणे, आणि खाली तीन ओळी: कंट्रोलमास्टर ऑटो, कंट्रोलपाथ मध्ये डॉट एसएसएच फोल्डरच्या आत कंट्रोल डॅश टक्के-सी (सी कॅपिटल), आणि कंट्रोलपर्सिस्ट १० मिनिटं. आता पहिलं एसएसएच खरं कनेक्शन उघडतं, त्याला मास्टर म्हणतात, आणि पुढची सगळी त्याच्याच आतून जातात, ना नवीन हँडशेक ना नवीन लॉगिन. वर सांगितलेल्या चारही हाकलणाऱ्यांना एकच कनेक्शन दिसतं. डॉकर पीएस आधी दीड-दोन सेकंद घेत असेल तर आता चुटकीसरशी येईल, तो फायदा वेगळाच. टक्के-सी का, तर तो युजर, होस्ट, पोर्ट वगैरेचा हॅश करून ठरावीक लांबीचं नाव देतो. काही जण तिथे टक्के-आर, टक्के-एच, टक्के-पी असं सगळं जोडतात, मग लांबलचक होस्टनेम असलं की सॉकेटच्या पाथची मर्यादा, लिनक्सवर १०८ बाइट, मॅकवर १०४, ओलांडली जाते आणि टू लाँग फॉर युनिक्स डोमेन सॉकेट असा एरर येतो.

एवढं करूनही काही फरक पडला नाही असं म्हणणारे खूप भेटतात, आणि जवळजवळ दरवेळी कारण तेच निघतं, ब्लॉक लिहिलाय होस्ट प्रॉड नावाने आणि डॉकरचा कॉन्टेक्स्ट बनवलाय थेट आयपी टाकून. एसएसएच कॉन्फिगचा होस्ट हा तुम्ही कमांडमध्ये जे लिहिता त्याच्याशी जुळवला जातो, तो आयपी तिथून पुढे कुठे जातो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डॉकर कॉन्टेक्स्ट इन्स्पेक्ट मारा, होस्टमध्ये काय आहे बघा. आयपी असेल तर कॉन्टेक्स्ट अपडेट करून तिथे एसएसएच कोलन स्लॅश स्लॅश प्रॉड एवढंच ठेवा, युजर पण नको, तो कॉन्फिगमधून येईल. मग एसएसएच -जी (जी कॅपिटल) प्रॉड मारा, त्या नावासाठी लागू होणारी सगळी सेटिंग छापली जातात, त्यात कंट्रोलमास्टर ऑटो दिसलं पाहिजे. आणि एसएसएच -ओ चेक प्रॉड, इथेही ओ कॅपिटल, याने मास्टर रनिंग आणि त्याचा पीआयडी दिसला की समजायचं जमलं.

इथे अजून एक गोष्ट तपासा, डॉकर होस्ट नावाचं एनव्हायरनमेंट व्हेरिएबल कुठल्यातरी जुन्या शेल फाईलमध्ये पडलेलं असलं तर ते कॉन्टेक्स्टच्या डोक्यावर बसतं. कॉन्टेक्स्ट यूज मारताना डॉकर तशी वॉर्निंग देतो पण ती रोज बघून डोळे सरावतात. यात नुसता गोंधळ नाही, धोका आहे, लोकल समजून सिस्टम प्रून (वापरात नसलेलं सगळं पुसणारी कमांड) मारलं आणि ते प्रॉडवर चाललं तर बघायलाच नको. प्रॉम्प्टमध्ये चालू कॉन्टेक्स्टचं नाव दाखवायची सोय करून घ्या.

मल्टिप्लेक्सिंग लावल्यानंतर जे नवीन प्रश्न येतात

कारण येतातच. पहिला, मॅक्ससेशन्स. एका कनेक्शनच्या आत एका वेळी किती सेशन उघडायची त्याची मर्यादा, डीफॉल्ट १०. मोठ्या कंपोजला हे पुरत नाही. मग एसटीडीईआरआरवर सेशन ओपन रिफ्यूज्ड बाय पीअर, त्याच्याखाली कंट्रोलसॉकेट ऑलरेडी एक्झिस्ट्स, डिसेबलिंग मल्टिप्लेक्सिंग, आणि एसएसएच गुपचूप जुन्या पद्धतीने नवीन कनेक्शन उघडतो. म्हणजे अकराव्या सेशनपासून तुम्ही परत पहिल्याच रांगेत उभे. म्हणून सर्वरवर मॅक्ससेशन्स वाढवा, ५० ठेवलं तरी बहुतेकांना भरपूर होतं.

हे बदलताना एक जण हमखास अडकतो. एसएसएचडी कॉन्फिगमध्ये एकच सेटिंग दोनदा आलं तर पहिलं चालतं, शेवटचं नाही. आणि डेबियन-उबुंटूवर मुख्य फाईलच्या सुरुवातीलाच एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी फोल्डरमधल्या फाईली इन्क्लुड होतात. तिथे कोणी आधीच मॅक्ससेशन्स लिहून ठेवलं असेल, सिक्युरिटी हार्डनिंगच्या स्क्रिप्ट हे आवर्जून करतात आणि आकडा २ वगैरे टाकून ठेवतात, तर तुम्ही मुख्य फाईलच्या तळाशी कितीही लिहा, उपयोग शून्य. सुडो एसएसएचडी -टी, टी कॅपिटल, याने खरोखर लागू असलेली किंमत दिसते, तिच्यावरच विश्वास ठेवा. छोट्या टी ने फाईलमधली चूक तपासली जाते, ती तपासल्याशिवाय रीलोड मारू नका, आणि रीलोड मारताना एक जुनं टर्मिनल लॉगिन करून उघडं ठेवा.

दुसरा प्रश्न शर्यतीचा. मास्टर अजून उघडलेला नाही आणि कंपोजने एकदम बारा एसएसएच सोडले तर बाराही जण मास्टर व्हायला धावतात, एकाला मिळतं, बाकीचे स्वतंत्र कनेक्शनं उघडतात. म्हणून कंपोजच्या आधी एक साधी डॉकर पीएस मारायची सवय लावा, किंवा स्क्रिप्टमध्ये आधी एसएसएच -एफ -एन प्रॉड, एफ छोटा आणि एन कॅपिटल, म्हणजे मास्टर बॅकग्राउंडला तयार राहील. तरीही सर्वर छोटा असेल तर कंपोज पॅरलल लिमिट हे व्हेरिएबल ४ वगैरे ठेवून बघा, थोडं हळू होईल पण घुसमट थांबेल.

तिसरा, लॅपटॉप झोपवला, वायफाय बदललं, उठल्यावर डॉकरची कुठलीही कमांड नुसती अडकून बसते, एररही नाही. जुना मास्टर मेलाय पण त्याला ते अजून कळलेलं नाही, सॉकेट फाईल तिथेच आहे, नवीन सगळे त्याच्याच गळ्यात पडतात. तात्पुरतं, एसएसएच -ओ एक्झिट प्रॉड (ओ कॅपिटल), तेही अडकलं तर पीएसमध्ये बघून तो एसएसएचचा मास्टर मारा. कायमचं, त्याच होस्ट ब्लॉकमध्ये सर्वर अलाइव्ह इंटरव्हल १५ लिहा. सर्वर अलाइव्ह काउंट मॅक्स डीफॉल्ट ३ असतो, म्हणजे पाऊण मिनिटात मास्टरला कळतं की पलीकडे कोणी नाही आणि तो स्वतः मरतो. इंटरव्हल डीफॉल्ट ० असतो, म्हणजे तपासणीच नाही, म्हणून हे हाताने लिहावं लागतं. डॉकर लॉग्ज -एफ लावून ठेवलं आणि काही वेळाने ब्रोकन पाइप येतं त्यावरही हाच उपाय, मधल्या राउटरने गप्प बसलेलं कनेक्शन विसरून गेलेलं असतं.

चौथा सगळ्यात मजेशीर, किंवा सगळ्यात संतापजनक. डॉकर सॉकेटवर परमिशन डिनाइड येतं म्हणून तुम्ही सर्वरवर युजरमॉड -एजी (जी कॅपिटल) डॉकर मारून युजरला डॉकर ग्रुपमध्ये टाकलं, लॉगआउट केलं, लॉगिन केलं, आयडी मारून बघितलं तरी ग्रुप दिसत नाही. दिसणार कसा, टर्मिनल बंद केलं तरी मास्टर कनेक्शन मागे चालूच आहे, ग्रुप त्याच्या लॉगिनच्या वेळी ठरले, आणि तुमचं ‘नवीन’ लॉगिन त्याच्याच पोटातून गेलं. -ओ एक्झिट मारा, मग परत या. आणि डॉकर ग्रुप म्हणजे व्यवहारात रूटच, हे लक्षात ठेवून कोणाला टाकायचं ते ठरवा.

२५५ नसेल तर

आकडा १२७ असेल तर रिमोटवर डॉकर आहे पण एसएसएचच्या नॉन-इंटरॅक्टिव्ह शेलच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) नाही. लॉगिन करून बघितलं तर सापडतो, कारण तेव्हा प्रोफाइल फाईल वाचली जाते. एसएसएच प्रॉड, पुढे सिंगल कोटमध्ये एको डॉलर पाथ, असं मारलं की खरा पाथ दिसेल. कोट सिंगलच हवेत, नाहीतर तुमच्याच मशीनचा पाथ छापला जाईल. यूझर लोकल बिनमध्ये डॉकर असलेल्या मशीनवर, मॅक किंवा काही नॅस बॉक्सवर, हे नेहमीचं आहे. शेल बॅश असेल तर युजरच्या बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचली जाणारी फाईल) पाथ वाढवा, पण अगदी वर, कारण डेबियन-उबुंटूच्या बॅशआरसीच्या सुरुवातीलाच इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिर अशा अर्थाच्या ओळी असतात, त्यांच्या खाली लिहिलेलं इथे कधीच वाचलं जात नाही. रूटलेस डॉकरवाल्यांनी (म्हणजे रूटशिवाय डॉकर चालवणाऱ्यांनी) डॉकर होस्टचं एक्सपोर्टही त्या ओळींच्या वरच टाकायचं, नाहीतर डायल कमांड वार रन मधलं नेहमीचं सॉकेट शोधत बसते.

मालफॉर्म्ड एचटीटीपी रिस्पॉन्स आलं तर उलटं, बॅशआरसी काहीतरी छापतेय. कोणीतरी हौसेने ‘वेलकम’ चा एको टाकलेला असतो, तो डायलच्या पाइपमधून एचटीटीपीच्या आधी घुसतो आणि डॉकरला वाटतं डेमनच असं बोलला. एसएसएच प्रॉड ट्रू मारा, स्क्रीनवर एक अक्षरही यायला नको.

एसएसएच हाताने चालतं पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) नाही, यात एजंटच्या सॉकेटचं व्हेरिएबल क्रॉनला मिळत नसतं, किंवा कीला पासफ्रेज आहे आणि विचारायला टर्मिनल नाही. पासवर्डने लॉगिन करायचा प्रयत्नही सोडा, डॉकरच्या या पद्धतीत कीच लागते. होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड असेल तर सर्वर परत बनवलेला असणार, खात्री करून एसएसएच-कीजेन -आर ने (आर कॅपिटल) जुनी नोंद काढा.

आणि एक गोष्ट एरर नसून एररसारखी दिसते. रिमोट कॉन्टेक्स्टवरून बाइंड माउंट (मशीनवरची फाईल किंवा फोल्डर कंटेनरच्या आत जोडणं) दिला, डावीकडचा पाथ तुमच्या लॅपटॉपचा, तर डेमन तो पाथ सर्वरवर शोधतो. नसला तर -व्ही ने दिलेला असताना तो गुमान त्या नावाचा रिकामा फोल्डर बनवतो, मालक रूट. मग एनजिनएक्सच्या कॉन्फिग फाईलच्या जागी फोल्डर माउंट व्हायला जातो आणि नॉट अ डिरेक्टरी, आर यू ट्राइंग टू माउंट अ डिरेक्टरी ऑन्टू अ फाईल असा एरर. फाईल आधी सर्वरवर पोचवा, तो रिकामा फोल्डर हाताने काढा, आणि पुढे -व्ही ऐवजी माउंट वापरा म्हणजे पाथ नसेल तर तो तिथल्या तिथे ओरडेल.

सीआय रनरसाठी वेगळी वाट

सीआयमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासून सर्वरवर चढवणाऱ्या यंत्रणेत, दर जॉब नवीन मशीनवर (रनरवर) चालतो, एसएसएच कॉन्फिग, मास्टर, सगळं नव्याने उभं करावं लागतं, तिथे मी मल्टिप्लेक्सिंगच्या भानगडीत पडत नाही. सरळ सॉकेटच पुढे आणतो. एसएसएचला -एल देऊन डावीकडे एक लोकल सॉकेट फाईलचा पाथ, कोलन, उजवीकडे सर्वरवरचं स्लॅश वार स्लॅश रन स्लॅश डॉकर डॉट सॉक, सोबत -एफ आणि -एन (एल आणि एन कॅपिटल), आणि एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर येस. मग डॉकर होस्टमध्ये युनिक्स कोलन तीन स्लॅश करून त्या लोकल फाईलचा पाथ. युनिक्स सॉकेट असं फॉरवर्ड करणं ओपनएसएसएच ६.७ पासून आहे, म्हणजे २०१४ पासून, त्यामुळे सर्वर कितीही जुनाट असला तरी बहुतेक चालतं. फायदा असा की कनेक्शन एकच, पलीकडे डायल कमांड नाही, त्यामुळे पाथ नाही, बॅशआरसी नाही, आणि फॉरवर्ड केलेले चॅनल मॅक्ससेशन्समध्ये मोजले जात नाहीत.

दोन गोष्टी सांभाळा. सर्वरवर अलाउ स्ट्रीम लोकल फॉरवर्डिंग डीफॉल्ट येस असतं पण हार्डनिंगवाल्या स्क्रिप्ट ते बंद करतात, मग ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड असं काहीतरी दिसेल. आणि लोकल सॉकेट टेम्प फोल्डरमध्ये सगळ्यांना दिसेल असं ठेवू नका, तुमच्या एकट्याच्या परमिशनच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण ती फाईल ज्याच्या हातात त्याच्या हातात सर्वरचं रूट. रनर कायमस्वरूपी मशीन असेल तर जॉब मधेच मेल्यावर ती फाईल मागे राहते आणि पुढच्या वेळी ॲड्रेस ऑलरेडी इन यूज येतं, त्यासाठी स्ट्रीम लोकल बाइंड अनलिंक येस त्याच कमांडमध्ये -ओ (छोटा) देऊन टाका.